‘अ रेसिपी फॉर डिझास्टर’ हा वाक्प्रचार नेमका कुठे वापरावा?

ओहोळ (धागाकर्ती)

नमस्कार. मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गात ‘अ रेसिपी फॉर डिझास्टर’ हा वाक्प्रचार शिकवला. ‘जिच्यातून संकट ओढवणार हे जवळजवळ ठरलेलेच असते अशी गोष्ट’ असा अर्थ फळ्यावर लिहून दिला, एक उदाहरण दिले आणि प्रत्येकाला घरून दोन वाक्ये लिहून आणायला सांगितली. वह्या तपासायला बसले तेव्हा लक्षात आले, की अर्थ पाठ असूनही बहुतेकांची वाक्ये चुकली आहेत, आणि बहुतेकांची चूक एकसारखीच आहे. इतक्या मुलांची चूक सारखी असेल, तर ती मुलांची नसून शिकवण्यातली असते असे मी मानते. म्हणून हा धागा.

वह्यांतील काही वाक्ये अशी होती: ‘लास्ट इयर्स फ्लड वॉज रेसिपी ऑफ डिझास्टर.’ ‘माय मॅथ्स पेपर वॉज अ रेसिपी फॉर डिझास्टर.’ ‘द ॲक्सिडेंट ऑन हायवे वॉज रेसिपी फॉर डिझास्टर.’ या सगळ्यांत एकच वाक्य मला पूर्ण बरोबर वाटले: ‘ड्रायव्हिंग फास्ट इन आंबोली घाट इन फॉग इज अ रेसिपी फॉर डिझास्टर.’ ते लिहिणाऱ्या मुलीला उभे करून विचारले, की तुझे वाक्य बरोबर आणि शेजारणीचे चूक का? तिला सांगता आले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही पोरांना पटेल असे एका वाक्यात सांगता आले नाही.

मार्गदर्शकांमधली वाक्ये मुलांच्या आयुष्यातली नसतात. स्की खेळायला जाणारी माणसे आणि शेअर बाजार यांची उदाहरणे घेऊन आमची मुले काय करणार? तेव्हा रोजच्या जगण्यातली वाक्ये सुचवावीत आणि या वाक्प्रचाराचा नियम कसा समजावून द्यावा तेही सांगावे, ही विनंती.

शब्दवेध

ताई, तुमच्या मुलांच्या चुकीचे मूळ मला स्पष्ट दिसते आहे. त्यांनी ‘रेसिपी फॉर डिझास्टर’ आणि ‘डिझास्टर’ हे दोन्ही एकच समजले आहेत. पूर हे संकटच आहे, अपघात हे संकटच आहे. ही रांधून झालेली भाजी आहे. ‘रेसिपी’ म्हणजे भाजी नव्हे. चुलीवर भांडे चढण्याआधी कागदावर लिहिलेली कृती म्हणजे रेसिपी. म्हणून हा वाक्प्रचार संकटाच्या आधीच्या गोष्टीला लागतो, संकटाला लागत नाही.

मुलांना सांगायला आपल्याकडे फार चांगले साधन आहे. मासिकांत पाककृती छापतात तेव्हा वर ‘साहित्य’ आणि खाली ‘कृती’ असे दोन भाग असतात. मुलांना वहीत तसेच दोन मथळे आखायला सांगा. आंबोलीच्या वाक्यात साहित्य आहे: घाटाची वळणे, धुके, वेग. कृती आहे: या तिन्ही एकत्र आणणे. पदार्थ अजून तयार झालेला नाही. गाडी अजून दरीत गेलेली नाही. आता ‘लास्ट इयर्स फ्लड’साठी साहित्य लिहायला सांगा. मूल तिथेच अडेल, आणि ते अडले की त्याला स्वतःचे स्वतःला कळेल.

या परीक्षेचा आणखी एक फायदा आहे. साहित्यात सहसा दोन तरी गोष्टी असाव्या लागतात, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे निरुपद्रवी असू शकते. धुके हा काही गुन्हा नाही, वळणे तर घाटात असणारच. त्या एकत्र आल्या की बिघडते. या वाक्प्रचाराचा जीव त्या एकत्र येण्यात आहे.

मात्र काळाच्या बाबतीत एक गैरसमज होऊ देऊ नका. ‘आधीची गोष्ट’ म्हणजे भविष्यकाळ किंवा वर्तमानकाळच हवा असे नाही. गणिताच्या पेपरचे वाक्य भूतकाळातही नीट लिहिता येते: ‘लीव्हिंग जॉमेट्री फॉर द लास्ट नाइट वॉज अ रेसिपी फॉर डिझास्टर.’ भूमिती शेवटच्या रात्रीवर टाकणे ही कृती होती, पेपर बिघडणे हा तिचा परिणाम होता. क्रियापद भूतकाळी झाले, तरी बोट कारणाकडेच आहे. पेपरविषयीच बोलायचे असेल तर ‘माय मॅथ्स पेपर वॉज अ डिझास्टर’ एवढेच म्हणावे. तेही अगदी शुद्ध आणि रोजच्या बोलण्यातले इंग्रजी आहे.

व्याकरणाच्या तीन जागा सांगतो, कारण मराठी बोलणारा तिथे हमखास घसरतो. पहिली म्हणजे ‘अ’. मराठीत उपपद नाही, त्यामुळे ते आपल्या जिभेवरून गळते. पण या वाक्प्रचारात ते पाठ करण्याचाच भाग आहे. दुसरी म्हणजे ‘फॉर’. आपण ‘पुरणपोळीची रेसिपी’ म्हणतो, त्या ‘ची’चे भाषांतर आपोआप ‘ऑफ’ होते आणि ‘रेसिपी ऑफ पुरणपोळी’ तयार होते. इंग्रजीत पुरणपोळीलाही ‘फॉर’ आणि संकटालाही ‘फॉर’. तिसरी जागा मात्र आपल्या सोयीची आहे. या वाक्याचा कर्ता बहुधा ‘-इंग’ लागलेले क्रियापद असते, आणि मराठीत त्याला तंतोतंत जोड आहे ती ‘-णे’ची. धुक्यात वेगाने गाडी हाकणे, परीक्षेच्या आदल्या रात्री जागणे, ओल्या हाताने बटण दाबणे. मुलांना आधी मराठीत ‘-णे’चे वाक्य लिहायला लावा, इंग्रजी वाक्य त्यातून अर्धे तयार होऊन बाहेर येते.

उच्चाराचेही सांगून टाका. ‘रेसिपी’ या शब्दाच्या शेवटी ‘ई’ अक्षर असल्यामुळे ते मूक समजून मुले ‘रेसाइप’ वाचतात. आणि ‘डिझास्टर’मध्ये जोर ‘झा’वर येतो, ‘डि’वर नाही.

परीक्षानळी

मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून माझ्याकडची दोन उदाहरणे देते. ही वाक्ये व्याकरणासाठी कामाला येतील आणि एखाद्या घरात जीवही वाचवतील, म्हणून ती वर्गात आवर्जून सांगावीत असे मला मनापासून वाटते.

पहिले न्हाणीघरातले. कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असते आणि संडास धुण्याच्या बऱ्याच द्रावणांमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. दोन्ही बाटल्या एकाच कोनाड्यात शेजारी शेजारी असतात. ‘दोन्ही टाकले तर जास्त स्वच्छ निघेल’ या समजुतीने कुणी ती एकत्र ओतली, की त्यातून क्लोरीन वायू सुटतो. 22 एप्रिल 1915 रोजी पहिल्या महायुद्धात ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्याने मोठ्या प्रमाणावर सोडला तो हाच वायू. खिडकी बंद असलेल्या छोट्या न्हाणीघरात हे करणे किती घातक ठरेल याची कल्पना यावरून येईल. वाक्य असे: ‘मिक्सिंग ब्लीच विथ टॉयलेट क्लीनर इज अ रेसिपी फॉर डिझास्टर.’ शब्दवेध यांनी सांगितलेले ‘साहित्य’ आणि ‘कृती’ इथे अक्षरशः लागू पडतात.

दुसरे स्वयंपाकघरातले. कढईतले तेल पेटले की घाबरून माणूस तांब्याभर पाणी ओततो. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी जाते, त्या उष्णतेने क्षणात त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते तेल चहूकडे उडवते. गॅस बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवणे आणि ती मुळीच न हलवणे हा योग्य उपाय. ‘थ्रोइंग वॉटर ऑन बर्निंग ऑइल इज अ रेसिपी फॉर डिझास्टर.’ आमच्या वर्गात एका मुलाने विचारले होते, की बाई, पाणी आग विझवते ना? त्या प्रश्नातच या वाक्प्रचाराचा अर्थ आहे. पाणी चांगलेच, पण या साहित्यात ते मिसळले की अनर्थ होतो.

दुभाषी

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरे करतो. हा वाक्प्रचार आठवड्यातून एकदा तरी समोर येतो आणि त्याचे ‘आपत्तीची पाककृती’ असे शब्दशः रूप छापलेले दिसले, की वाईट वाटते. मराठी वाचकाला त्यातून काहीही कळत नाही. आपल्या भाषेत यासाठी शब्द नसते तर गोष्ट वेगळी होती.

अर्थाने सर्वांत जवळचे ‘अनर्थाला आमंत्रण’. बातमीत, अग्रलेखात, भाषणात ते सहज बसते. पण बोलण्यात मराठी माणूस प्रसंग पाहून वेगवेगळे शब्द काढतो. ज्याला जपून वापरता येणार नाही त्याच्या हाती घातक वस्तू दिली, तर ‘माकडाच्या हाती कोलीत’. धडधाकट असताना पैसे मोजून त्रास घरात आणला, तर ‘विकतचे दुखणे’. स्वतःचेच नुकसान करून घेतले, तर ‘आपल्याच पायावर धोंडा’. इंग्रजी या सगळ्या ठिकाणी एकाच वाक्प्रचारावर भागवते. म्हणून ताई, मुलांना ‘रेसिपी फॉर डिझास्टर म्हणजे अमुक’ असा एकच मराठी शब्द देऊ नका. ‘अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला मोटारसायकलची किल्ली देणे’ हे वाक्य घ्या. मराठीत त्याला कोलीत म्हणाल, इंग्रजीत ‘गिव्हिंग अ बाइक टू अ बॉय ऑफ फिफ्टीन इज अ रेसिपी फॉर डिझास्टर’ म्हणाल.

आता मुलांच्या चुकीबद्दल मला जाणवले ते सांगतो. होऊन गेलेल्या फजितीसाठी मराठीत शब्दांची कोठारे भरलेली आहेत: बोजवारा उडाला, बोऱ्या वाजला, बट्ट्याबोळ झाला, फज्जा उडाला, विचका झाला, आणि सगळ्यांच्या वर ‘पानिपत झाले’. 14 जानेवारी 1761 च्या त्या दिवसाला अडीचशेहून अधिक वर्षे झाली, तरी निवडणूक हरलेल्या पक्षाचे आपण आजही पानिपतच करतो. ‘डिझास्टर’ म्हटल्याबरोबर मुलांच्या मनात हे सगळे शब्द उभे राहिले आणि त्यांनी ‘पेपरचा बोजवारा उडाला’ या वाक्याचेच इंग्रजी केले. त्यांची मराठी चांगली आहे म्हणून ही चूक झाली.

होण्याआधीच्या गोष्टीसाठी मराठीत एक साधे क्रियापद आहे, त्याकडे मुलांचे लक्ष वेधावे. ‘संकट ओढवले’ आणि ‘संकट ओढवून घेतले’ यांत केवढा फरक आहे! पहिल्यात माणसाचा हात नाही, दुसऱ्यात आहे. ‘रेसिपी फॉर डिझास्टर’ नेहमी ‘ओढवून घेण्या’च्या बाजूला उभा असतो.

शब्दवेध

दुभाषी यांच्या शेवटच्या मुद्द्याने माझे काम सोपे केले. इंग्रजीत याच कुटुंबातले आणखी चार-पाच वाक्प्रचार आहेत आणि मुले पुढे त्यांचीही सरमिसळ करतील.

‘ओढवले’च्या बाजूला ‘परफेक्ट स्टॉर्म’ येतो. प्रतिकूल परिस्थिती एकाच वेळी चहूबाजूंनी जमून येणे, ज्यात कुणा एकाचा दोष नसतो. 1991 च्या ऑक्टोबरअखेर उत्तर अटलांटिकमध्ये झालेल्या वादळानंतर तो जगभर रूढ झाला. जाणूनबुजून धोका पत्करणाऱ्याला ‘कोर्टिंग डिझास्टर’ म्हणतात. ‘स्पेल डिझास्टर’ हे क्रियापद आहे आणि तिथे उपपद लागत नाही: ‘अ लेट मान्सून वुड स्पेल डिझास्टर फॉर द पॅडी फार्मर्स.’ आणि ‘ॲन ॲक्सिडेंट वेटिंग टू हॅपन’ हा एखाद्या वस्तूच्या किंवा जागेच्या अवस्थेसाठी असतो: लोंबकळणारी वीजतार, कलंडलेली भिंत, झाकण नसलेली विहीर. तिथे कुणी काही करत नसते. ती वस्तू तशीच वाट पाहत असते. हा शेवटचा आणि आपला मूळ वाक्प्रचार यांतला फरक मुलांना नीट कळला, तर बाकीचे पुढच्या वर्षी शिकवले तरी चालेल.

मँचेस्टरकर

मी मूळचा सांगलीचा, अकरा वर्षांपासून इंग्लंडमध्ये नोकरी करतो. वाक्य व्याकरणाने बरोबर असूनही ते चुकीच्या ठिकाणी पडले, तर काय होते याचा माझा अनुभव मुलांना उपयोगी पडेल.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बैठकीत आमच्या गटप्रमुख बाईंनी दोन मोठी कामे एकाच शनिवारी उरकण्याचे वेळापत्रक मांडले. मला ते धोक्याचे वाटले. मराठीत मी ‘हे जरा जपून करायला हवे’ असे म्हटले असते. इंग्रजीत मला आठवला तो पाठ केलेला वाक्प्रचार, आणि मी सरळ म्हणालो, ‘युअर प्लॅन इज अ रेसिपी फॉर डिझास्टर.’ खोलीत एकदम शांतता पसरली. बाईंनी हातातले पेन मेजावर ठेवले, ‘थँक यू’ म्हणाल्या आणि पुढच्या विषयाकडे वळल्या. माझा मुद्दा बरोबर होता, पण त्या दिवशी तो कुणीही ऐकला नाही.

नंतर एका वयस्क सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन समजावले, की या वाक्प्रचारात ‘तुम्हाला एवढेही कळले नाही का’ असा सूर लपलेला असतो. स्वतःच्या चुकीबद्दल, किंवा समोर नसलेल्या कुणाबद्दल सर्वसाधारणपणे बोलताना तो चालतो. समोरच्या माणसाच्या कामाविषयी बोलताना त्याला मऊ करावे लागते: ‘आय वरी दॅट डूइंग बोथ ऑन द सेम डे कुड बी अ रेसिपी फॉर डिझास्टर.’ ‘आय वरी’ने काळजी आपल्याकडे घेतली, ‘कुड बी’ने शक्यता ठेवली, आणि ‘युअर’ काढून टाकला. मुलांना पुढे मुलाखती द्यायच्या आहेत, नोकऱ्या करायच्या आहेत. हे मऊ करण्याचे शब्द त्यांना वाक्प्रचाराच्या जोडीनेच शिकवावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जुनी पोथी

या दोन शब्दांचा इतिहास सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो माहीत झाला की वाक्प्रचार कायमचा लक्षात राहतो.

‘रेसिपी’ हा शब्द स्वयंपाकघरातला नव्हताच. लॅटिनमध्ये तो आज्ञार्थी आहे, ‘घे’ या अर्थाचा. युरोपातले वैद्य औषधाच्या चिठ्ठीच्या माथ्यावर तो लिहीत आणि खाली ‘अमुक इतके, तमुक इतके’ अशी यादी देत. आजही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आर अक्षराच्या पायावर तिरपी रेघ मारलेली खूण असते, ती याच शब्दाची. खाद्यपदार्थांच्या कृतीला इंग्रजीत पूर्वी ‘रिसीट’ म्हणत. ‘रेसिपी’ तिथे रुळला तो अठराव्या शतकापासून. म्हणजे ज्या शब्दाने रोगी बरा करायचा, तोच शब्द संकटाच्या दारात येऊन बसला. ‘रेसिपी फॉर सक्सेस’ही तितकाच प्रचलित आहे, हे मुलांना सांगावे, शब्द स्वतः चांगलाही नाही आणि वाईटही नाही.

‘डिझास्टर’ इटालियनमधून फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. त्यातला ‘ॲस्टर’ म्हणजे तारा. वाईट तारा, प्रतिकूल ग्रह असा त्याचा मूळ अर्थ. आपण ‘ग्रह फिरले’, ‘साडेसाती लागली’ म्हणतो त्याच जातीचा हा शब्द. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये एडमंड हे पात्र याच समजुतीवर तुटून पडते. आपलीच करणी आपल्याला नडते आणि आपण आपल्या संकटांचा दोष सूर्य, चंद्र आणि ताऱ्यांवर ढकलतो, असे तो म्हणतो, आणि तिथे त्याच्या तोंडी ‘डिझास्टर्स’ हाच शब्द आहे.

म्हणून मला हा वाक्प्रचार फार अर्थपूर्ण वाटतो. ‘डिझास्टर’ म्हणतो की दोष ग्रहांचा. ‘रेसिपी’ म्हणते की साहित्य तूच गोळा केलेस, ‘घे’ म्हटल्यावर तूच घेतलेस.

सावित्रीकाठ

मी महाडचा. एक गोष्ट नम्रपणे सांगतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला, आणि त्यावरून जाणाऱ्या दोन एसटी बस आणि इतर वाहने नदीत गेली. पुढे कित्येक दिवस आम्ही काठावर उभे राहून शोधकार्य पाहत होतो. अशा घटनेविषयी लिहिताना मुलांनी ‘रेसिपी’ हा शब्द वापरू नये असे मला वाटते. जिथे माणसे गेली, तिथे तो शब्द हलका पडतो. इंग्रजीत त्यासाठी ‘ट्रॅजेडी’ आहे, आणि सांत्वनाच्या पत्रात तर कोणताच वाक्प्रचार नको.

रोखठोक

सगळ्यांची माहिती उत्तम आहे, तरी माझा मूळ आक्षेप मांडतो. नववीतल्या मुलाला साधे ‘इट इज डेंजरस’ नीट लिहिता येत नसताना वाक्प्रचार शिकवण्याची घाई कशाला? असे वाक्प्रचार वापरून वापरून गुळगुळीत झालेले असतात. चांगला इंग्रजी लेखक ते टाळतो. मुले ते पाठ करतात, निबंधात कुठेही पेरतात आणि गुण मिळाले की विसरतात. मी स्वतः तसाच शिकलो, आणि पदवी मिळाल्यावरही मला रेल्वेच्या खिडकीवर दोन वाक्ये धड बोलता येत नव्हती. वाक्प्रचारांपेक्षा सरळ वाक्यांवर वेळ खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओहोळ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. साहित्य आणि कृती हे दोन मथळे मी कालच फळ्यावर आखले आणि तास कसा संपला ते कळले नाही. मँचेस्टरकर, तुमचा प्रसंग नाव-गाव वगळून वर्गात वाचून दाखवणार आहे. सावित्रीकाठ, तुमचे म्हणणे मी मुलांना तुमच्याच शब्दांत सांगेन.

रोखठोक, तुमचा आक्षेप मला मान्य होण्यासारखा आहे. गुळगुळीत वाक्ये पेरण्याची सवय मलाही नको आहे. पण कालच्या तासाला जे घडले ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

आमच्या शाळेची काही मुले ओढ्यापलीकडच्या वाडीतून येतात. मध्ये साकव आहे. माडाचे दोन ओंडके, त्यांवर ठोकलेल्या फळ्या आणि दोन्ही बाजूंना बांबूचा कठडा, असा तो होता. त्यातला खालच्या अंगाचा कठडा गेल्या पावसात गेला तो गेलाच. जून उजाडला की फळ्यांवर शेवाळ धरते. मी गेल्या वर्षी एकदा सकाळी तिथे गेले होते. पाऊस मुसळधार कोसळत होता. आमची ती आंबोलीचे वाक्य लिहिणारी मुलगी साकवाशी आली, थांबली, छत्री मिटून काखेत घेतली, चपला काढून दप्तराच्या पट्ट्यात अडकवल्या आणि धाकट्या भावाच्या हातातली छत्रीही मिटायला लावली. तो रडकुंडीला आला होता. त्याला भिजायचे नव्हते. तिने एका हाताने त्याचे मनगट धरले, दुसऱ्या हाताने कठडा, आणि दोघे पूर्ण भिजत, एकेक फळी चाचपत अलीकडे आली. अलीकडे येताच तिने पहिल्यांदा त्याची छत्री उघडून दिली.

काल साहित्य आणि कृती आखल्यावर तिने वहीत लिहिले. साहित्य: शेवाळलेली फळी, एकाच बाजूचा कठडा, वारा, उघडी छत्री. कृती: छत्री उघडी ठेवून साकव ओलांडणे. आणि खाली इंग्रजीत: ‘क्रॉसिंग द साकव विथ ॲन ओपन अंब्रेला इज अ रेसिपी फॉर डिझास्टर.’ उपपद बरोबर, ‘फॉर’ बरोबर. वारा छत्रीत शिरतो आणि माणसाला कठडा नसलेल्या बाजूला ओढतो, हे तिने मला वेगळे समजावून सांगितले. ‘इट इज डेंजरस’ लिहून तिला हे सांगता आले नसते. छत्रीत धोका नाही, पावसात नाही. धोका ती दोन्ही त्या फळीवर एकत्र येण्यात आहे, हे तिला गेली कित्येक वर्षे ठाऊक होते, आणि ते मांडणारे वाक्य काल तिच्या हाती आले.

आता मुलांनीच एक प्रश्न काढला आहे. साकवाच्या दुरुस्तीसाठी संबंधित कार्यालयाला पूर्वी दोन अर्ज गेले आहेत, उत्तर आलेले नाही. वर्गाला नवा अर्ज लिहायचा आहे आणि त्यात हे इंग्रजी वाक्य घालायचे आहे. घालावे का?

रोखठोक

ताई, या मुलीच्या वाक्यापुरता मी माझा आक्षेप मागे घेतो. ते पाठ केलेले वाक्य नाही.

शब्दवेध

आधी भाषेचे पाहू. तिच्या वाक्यात आणि साकवात एक सुंदर भेद आहे, तो वर्गाला दाखवा. छत्री उघडी ठेवून ओलांडणे ही कृती आहे, म्हणून तिथे ‘रेसिपी फॉर डिझास्टर’. पण कठडा तुटलेला तो साकव ही वस्तू आहे. कुणी ओलांडो वा न ओलांडो, तो तसाच आहे. म्हणून त्याच्यासाठी ‘द साकव इज ॲन ॲक्सिडेंट वेटिंग टू हॅपन’. पहिल्या वाक्यातला धोका मुलगी स्वतः छत्री मिटून टाळते. दुसऱ्या वाक्यातला धोका तिला टाळता येत नाही. तो ज्यांनी कठडा बांधायचा त्यांनीच टाळायचा आहे. अर्जाला दुसऱ्या वाक्याचा अर्थ हवा. पहिले वाक्य अर्जात गेले, तर ‘मग मुलांनी छत्र्या मिटाव्यात’ एवढे उत्तर येऊ शकते.

आता अर्जाचे. अर्ज मराठीत लिहावा आणि त्यात वाक्प्रचार मुळीच नको, इंग्रजीही नको आणि मराठीही नको. ‘अनर्थाला आमंत्रण’ असे लिहिलेले अर्ज कार्यालयात रोज येत असतील. मुलांना मोजायला सांगा: साकवाची लांबी आणि रुंदी, निखळलेल्या फळ्या किती, कठडा कोणत्या अंगाचा आणि किती लांबीचा गेला, रोज किती मुले ओलांडतात, त्यातली सर्वांत लहान कोणत्या इयत्तेतली. आधीच्या दोन अर्जांच्या तारखा आणि आवक क्रमांक माथ्यावरच लिहावेत, आणि नव्या अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नये.

दुभाषी

अर्जाचा मसुदा तयार झाला की इथे टाका, ताई. शुद्धलेखन आणि कार्यालयीन शब्द मी पाहून देतो. ‘साकव’ हाच शब्द ठेवा. ‘लाकडी पादचारी पूल’ वगैरे काही करू नका. साकव कोकणात सगळ्यांना कळतो.

ओहोळ (धागाकर्ती)

ठेवते. मोजणी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर करणार आहोत, ओढ्याला पाणी कमी असेल तर. फीत शाळेची आहे, आणि मोठ्या मुलांबरोबर मी स्वतः उभी राहणार आहे. मसुदा रविवारी इथे टाकते.